न रंगलेल्या मैफलीविषयी

आपल्याकडे मैफलींची जी वृत्ते छापून येतात ती ओळीने वाचली, तर न रंगलेली मैफल या देशात कधी होतच नाही, असा एखाद्या परक्या माणसाचा समज व्हावा. प्रत्येक गायकाने रसिकांची मने जिंकलेली असतात, प्रत्येक सभागृह मंत्रमुग्ध झालेले असते आणि प्रत्येक भैरवीनंतर श्रोते तृप्त अंतःकरणाने घरोघर परतलेले असतात. ही वाक्ये इतकी ठरून गेली आहेत, की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच ती जुळवून ठेवली तरी चालेल. केवळ गायकाच्या व रागाच्या नावापुरती जागा मोकळी सोडावी म्हणजे झाले.

याच्या उलट, नित्य गाणे ऐकावयास जाणाऱ्या कोणालाही विचारून पाहावे. चार मैफलींत एखादीच मनासारखी होते असे तो सांगेल, आणि सांगताना त्याला त्यात काही विशेष वाटणार नाही. आपले संगीत जागच्या जागी घडणारे आहे. राग ठरलेला असतो, चीज ठरलेली असते, ताल ठरलेला असतो. परंतु विस्तार त्या क्षणी सुचावयाचा असतो, आणि जे सुचावयाचे ते न सुचण्याचाही संभव असतोच. गळ्याची त्या दिवसाची प्रकृती, साथीदारांशी असलेला मेळ, सभागृहाचा घुमारा आणि पुढ्यात बसलेल्यांचे कान, इतक्या गोष्टी जुळून याव्या लागतात. त्या सर्व प्रत्येक वेळी जुळून येतात असे ज्या वृत्तांतून दिसते, ती वृत्ते गाण्याची नसून समारंभाची होत. न रंगलेल्या मैफलीचा वृत्तांतही लिहिला गेला पाहिजे, तो नावनिशीवार कारणांसह लिहिला गेला पाहिजे, आणि तो मुख्यतः तरुण श्रोत्यांसाठी लिहिला गेला पाहिजे, असे माझे मत आहे. ते मत येथे मांडावयाचे आहे.

सुमारे अकरा वर्षे मी आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकात दरमहा एक पान गाण्याविषयी लिहीत असे. बडोद्यात त्या महिन्यात जे ऐकावयास मिळाले त्याची हकीकत, एखाद्या रागाची ओळख, कधी एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रिकेची चर्चा, असे त्याचे स्वरूप असे. मार्च 2020 मध्ये सभागृहे बंद झाली आणि त्याबरोबर ते पानही बंद झाले. पुढे सभागृहे उघडली, शाळाही उघडली. पान मात्र उघडले नाही. त्याची कारणे सांगण्यासारखी विशेष नाहीत. भित्तिपत्रकाची जागा दुसऱ्या सूचनांनी व्यापली होती. मराठी वर्गांतील बाके वर्षागणिक थोडी अधिक मोकळी दिसू लागली आहेत, आणि ज्यांच्यासाठी लिहावे ते वाचतात कोठे, हा प्रश्न केवळ माझ्यापुढेच उभा होता असेही नाही. शिवाय ज्याच्या त्याच्या खिशातील भ्रमणध्वनीवर आता हवे ते गाणे हव्या त्या घटकेला वाजते. मग ऐकलेल्या गाण्याची हकीकत दुसऱ्याने सांगावयाची गरज ती काय उरली? मलाही हे पटल्यासारखे झाले होते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शहरात एका नामांकित गायकाची मैफल झाली. गायकाचे नाव, सभागृहाचे नाव व योजणाऱ्या मंडळींचे नाव मी येथे देत नाही. जे घडले ते कोठेही घडते व घडत आले आहे. पत्रिकेवर सायंकाळी सहाची वेळ होती. सहा वाजता दीपप्रज्वलन झाले, त्यानंतर स्वागत, परिचय, हारतुरे, देणगीदारांचा सत्कार, सत्काराला उत्तर, आणि त्या उत्तराबद्दल आभार. गायकाने तंबोरे जुळवून घेतले तेव्हा सव्वासात वाजले होते. जुळलेले तंबोरे व ताटकळलेला गळा घेऊन सव्वा तास पडद्यामागे बसणे म्हणजे काय, हे ज्याला गावयाचे असते त्यालाच ठाऊक.

यमन सुरू झाला. यमनाचा विस्तार कसा होतो हे आमच्या संगीताच्या वर्गातील मुलांना माहीत आहे. मंद्र निषादापासून हळूहळू उठावयाचे, गंधारावर विसावावयाचे, तीव्र मध्यमाला स्पर्श करून पुन्हा गंधाराकडे यावयाचे. मग पंचम, मग धैवत, मग निषाद. निषादावर गायक रेंगाळू लागला म्हणजे साऱ्या सभागृहाला वरच्या षड्जाची ओढ लागते, आणि चांगला गायक तो षड्ज लगेच देत नाही. तो निषादापर्यंत येतो व परततो, पुन्हा येतो व पुन्हा परततो. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. अखेर तो षड्ज लागतो तेव्हा जी एक मुक्ततेची भावना होते तिच्यासाठीच विलंबित ख्यालाचा हा सारा खटाटोप असतो, असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही. त्या दिवशी तार षड्ज चौथ्या मिनिटाला लागला. विलंबित एकतालाची चारपाच आवर्तनेही झाली नव्हती. षड्ज सुरेल होता, खणखणीत होता, त्याला टाळ्याही पडल्या. परंतु त्यानंतर वाट पाहण्यासारखे काही राहिले नाही. पुढील आठ मिनिटे ताना झाल्या. अंतरा एकदा म्हणून झाला. बाराव्या मिनिटाला द्रुत चीज आली, मग तराणा आला, आणि तराण्यात तबलजींशी सवालजवाब सुरू झाले. ध्वनिक्षेपकाची योजना अशी होती, की तबल्याच्या डग्याचा घुमारा छातीवर आदळत होता व चिजेचे शब्द त्याखाली दबून गेले होते. समोरच्या चार रांगांतून भ्रमणध्वनी उंचावलेले होते, आणि गायकही अधूनमधून त्यांच्याकडे पाहून स्मित करीत होते. अर्ध्या तासात यमन संपला. मागून झालेले नाट्यगीत मात्र सुरेख झाले, हे सांगितलेच पाहिजे. त्यात घाई नव्हती, आणि शब्दांवरचे प्रेम दिसत होते.

ही निराशा काही जगावेगळी नव्हे. यापूर्वी अशा कितीतरी मैफलींतून मी मुकाट्याने घरी आले आहे. परंतु दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नववीतील एक विद्यार्थिनी मजकडे आली. ती गाणे शिकते आणि मैफलीला आईबरोबर आली होती. तिने विचारले, “बाई, कालचं गाणं चांगलं झालं ना?” मी काही म्हणण्यापूर्वीच ती पुढे म्हणाली, “सगळे टाळ्या वाजवत होते, पण मला मध्येच कंटाळा आला. म्हणजे मला गाणं कळत नाही का?”

या प्रश्नाने मला विचार करावयास लावले. मुलीचा कान खरा होता. वाट पाहण्यासारखे काही उरले नाही तेव्हा तिला कंटाळा आला, म्हणजे जे घडले ते तिने बरोबर टिपले होते. परंतु सभागृहातील टाळ्या एकीकडे, वर्तमानपत्रातील “मंत्रमुग्ध” दुसरीकडे, आणि जाणत्यांचे मौन तिसरीकडे, अशा तिहेरी पुराव्यापुढे चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या कानावर विश्वास कसा ठेवावा? तिने निष्कर्ष काढला तो असा, की दोष आपल्यातच आहे. असे दोनतीन वेळा झाले म्हणजे मुले दोहोंपैकी एक मार्ग धरतात. काही जण, हे आपल्याला समजण्यासारखे नाही असे ठरवून मैफलींना येणेच सोडतात. काही जण इतरांच्या टाळ्यांकडे पाहून टाळ्या वाजवू लागतात. गाण्याची हानी दोन्हीकडून सारखीच होते. दुसऱ्या मार्गाने कदाचित अधिक, कारण मग गायकालाही टाळीचीच भाषा बोलावी लागते आणि चौथ्या मिनिटाला षड्ज लावावा लागतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो सहृदय माणसांकडून येतो म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. ते म्हणतात, परमुलखात मराठी मंडळी दारोदार वर्गणी गोळा करून, रजा टाकून, पदरमोड करून कार्यक्रम घडवून आणतात. त्यांच्या पदरात दोष टाकणे हा कृतघ्नपणा होय. मंडळींच्या कष्टांविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि खुर्च्या मांडण्यापासून त्या उचलण्यापर्यंतची कामे मीही केली आहेत. परंतु ज्याच्यासाठी वर्गणी गोळा केली ते गाणेच जर सव्वा तास उशिरा सुरू होत असेल, तर तसे सांगणे हा वर्गणी देणाऱ्याचा व घेणाऱ्याचा दोघांचाही मान राखणे आहे. गायकाच्या बाबतीतही हेच. त्याच्या गळ्याविषयी, वेशाविषयी, बिदागीविषयी लिहू नये. पण त्याने काय गायिले व ते कसे गायिले हे लिहिण्यात त्याचा अपमान नाही. उलट चौथ्या मिनिटाचा षड्ज कोणाच्या तरी ध्यानात आला, हे कळल्याने जो खरा कलावंत आहे त्याला समाधानच वाटेल.

आपल्या भाषेत असे लिहिणारे लोक होऊन गेले आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांना फारशी सांगितली जात नाही. पंडित विष्णू नारायण भातखंडे (1860 ते 1936) हे पेशाने वकील. त्यांनी देशभर प्रवास करून गवयांचे गाणे ऐकले, त्यांना प्रश्न विचारले आणि जे ऐकले ते ग्रंथांशी ताडून पाहिले. त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मोठा ग्रंथ मराठीत आहे व तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला आहे. त्यातील शिष्य प्रश्नामागून प्रश्न विचारीत जातो, आणि गुरू त्याला गप्प बसवीत नाहीत. सन 1916 मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद याच बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली भरली, तिच्यामागेही भातखंड्यांचीच खटपट होती. त्यापूर्वी तीस वर्षे, म्हणजे 1886 मध्ये, मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा काढलेली होती. गाण्याविषयी प्रश्न विचारता येतात, गाणे वर्गात फळ्यावर लिहून शिकविता येते, ही कल्पना या शहराला नवी नाही.

केशवराव भोळे यांना पुष्कळ जण ‘संत तुकाराम’ (1936) या बोलपटाचे संगीतकार म्हणून ओळखतात. पण त्यांनी ‘एकलव्य’ या टोपणनावाने आपल्या काळातील गवयांवर स्पष्टपणे लिहिले. टोपणनाव घेण्याची आवश्यकता भासावी, यावरूनच ते काम किती अवघड होते याची कल्पना यावी. वामनराव देशपांडे हिशेबतपासणीचा व्यवसाय करीत आणि गाणेही शिकत. त्यांचे ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक 1961 साली निघाले. त्यात घराण्याघराण्यांतील भेद स्वर व लय यांच्या हिशेबाने मांडलेले आहेत, आणि ते वाचताना कोठेही “मंत्रमुग्ध” व्हावे लागत नाही. विलायतेत बर्नार्ड शॉ हे नाटककार म्हणून प्रसिद्ध होण्यापूर्वी 1888 पासून काही वर्षे लंडनच्या पत्रांतून संगीतावर लिहीत. त्यांनाही प्रथम ‘कॉर्नो दि बासेटो’ हे विचित्र टोपणनाव घ्यावेसे वाटले! त्यांनी ऐकलेल्या कित्येक मैफली सुमार होत्या, पण त्यांवरचे लेखन सव्वाशे वर्षांनंतरही वाचवते.

ध्वनिमुद्रण हाताशी असताना लेखनाची गरज काय, हा जो प्रश्न वर आला त्याचे उत्तर मला त्याच मैफलीने दिले. समोरच्या रांगांतील मंडळींनी जे टिपले ते पुढे चार दिवस शहरभर फिरत होते. मजकडेही ते तीन ठिकाणांहून आले. सर्वांत एकच भाग होता: तराणा, सवालजवाब व शेवटच्या टाळ्या. बारा मिनिटांचा विलंबित कोणीही टिपला नव्हता, सव्वा तासाचा सत्कार कोणीही टिपला नव्हता, आणि ते सुरेख नाट्यगीतही निसटून गेले होते. उद्या कोणी या मैफलीचा शोध घेऊ लागला तर त्या संध्याकाळी केवळ तराणाच गायिला गेला व तो फार गाजला, असेच त्याला वाटेल.

पूर्वीच्या काळाविषयी तर बोलावयासच नको. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचे गाणे मावत असे. बडोदे दरबारचे उस्ताद फैय्याजखाँ 1950 साली येथेच निवर्तले. त्यांच्या तबकड्या व आकाशवाणीसाठी झालेली काही ध्वनिमुद्रणे आपल्याला ऐकावयास मिळतात, हे आपले भाग्य. परंतु भास्करबुवा बखले (1869 ते 1922), ज्यांनी या बडोद्यातच फैज महंमदखाँ यांच्याजवळ तालीम घेतली, त्यांचा आवाज कोठेही उरलेला नाही. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँ (1855 ते 1946) यांचेही एकसुद्धा ध्वनिमुद्रण नाही. या दोघांचे गाणे कसे होते हे आज आपण सांगू शकतो ते शिष्यांच्या गळ्यावरून, आणि ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवले त्यावरून. गोविंदराव टेंबे भास्करबुवांच्या साथीला पेटी घेऊन बसत. अल्लादियाखाँनाही त्यांनी जवळून ऐकले. त्यांचे ‘माझा संगीत व्यासंग’ हे पुस्तक 1939 साली निघाले नसते, तर आपण पुष्कळ गोष्टींना मुकलो असतो.

आमच्या भित्तिपत्रकाची बरोबरी या ग्रंथांशी करावी इतकी मी भोळी नाही. सांगावयाचे ते इतकेच, की ऐकलेल्या गोष्टीची लेखी साक्ष ठेवणे हे काम लहान जागीही करता येते, आणि मोठ्या जागी ते कोणी करीत नसेल तर लहान जागी करावे. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. घड्याळ लागते. गाणे किती वाजता सुरू झाले, वरचा षड्ज केव्हा लागला, शब्द ऐकू आले की नाही, कोणत्या जागी अंगावर रोमांच उभे राहिले व कोणत्या जागी चित्त दुसरीकडे गेले, एवढे प्रामाणिकपणे टिपून ठेवले तरी विशेषणांवाचून भागते. विशेषणे जितकी कमी तितके बरे. “अप्रतिम” हा शब्द आमच्या पानावर वर्षातून दोनदाच वापरावयाचा, असा नियम मी पूर्वी केला होता व तो आता पुन्हा चालू केला आहे. (पहिल्या वर्षी दोन्ही वेळा तो शब्द जूनमध्येच संपला होता, असे जुन्या विद्यार्थ्यांना आठवेल.)

त्या मुलीला मी तोंडी उत्तर दिले नाही. तिला संध्याकाळी थांबवून घेतले, पेटी काढली, आणि निषादापर्यंत जाऊन परतणे म्हणजे काय ते दहा मिनिटे करून दाखविले. मग म्हटले, “काल तुला नेमका कोणत्या वेळी कंटाळा आला?” तिने थोडा विचार करून सांगितले, “तो एकदम वर गेला ना, त्याच्यानंतर.” तेव्हा मी तिला म्हटले, की हे वाक्य तू लिही, माझे मी लिहिते.

तिला एकटीला हे उत्तर देऊन भागले असते, असे कोणी म्हणेल. पण त्या सभागृहात आमच्या शाळेची सात मुले होती. एकीने विचारले. उरलेल्या सहा जणांनी विचारले नाही, आणि ज्याने विचारले नाही त्याच्यापर्यंत पोहोचावयाचे तर भिंतीवर लिहिण्यावाचून दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही. ती सातही मुले पुढे गायक होतील असे नाही; बहुधा एकही होणार नाही. ती श्रोते होतील. त्यांतील काही जण पुढे वर्गणी गोळा करतील, पत्रिका छापतील आणि सत्कार किती वाजता ठेवावा हे ठरवतील. गायकांच्या शिक्षणासाठी या शहरात विद्यापीठाची विद्याशाखा आहे. श्रोत्यांचे शिक्षण मात्र कोणाकडेच सोपविलेले नाही.

पान जानेवारीत पुन्हा लागले. वर माझा वृत्तांत होता, त्यात वेळा होत्या, आवर्तने होती आणि नाट्यगीताची मनापासून केलेली प्रशंसा होती. खाली तिच्या चार ओळी होत्या. त्यांत तिने लिहिले होते, की गाणे फार लवकर वर गेले आणि मग खाली येऊन बसलेच नाही. तबल्यामुळे शब्द कळले नाहीत. नाट्यगीत पुन्हा ऐकावेसे वाटले. त्याच आठवड्यात आठवीतील एक मुलगा येऊन म्हणाला, की तिचे म्हणणे त्याला मान्य नाही, त्याला तराणाच सर्वांत आवडला. का आवडला ते लिहून आण, असे मी त्याला सांगितले. त्याने ते लिहून आणले व तेही आम्ही लावले. लयीविषयी त्याने जे लिहिले आहे त्यात तथ्य आहे. माझ्या वृत्तांतात तराण्याला दीडच ओळ मिळाली होती.

कार्यक्रम योजणाऱ्या मंडळींपैकी एक गृहस्थ पालक-सभेसाठी शाळेत आले होते. त्यांनी भिंतीपाशी उभे राहून तिन्ही मजकूर वाचले. “सव्वा तास झाला होता का हो?” एवढेच त्यांनी विचारले, आणि पानाची एक प्रत मागून नेली. पुढच्या मैफलीची पत्रिका अद्याप छापावयाची आहे.